बौद्ध धम्म आणि रोजचे जगणे: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात धम्माकडे येणाऱ्यांच्या दोन वाटा आहेत. एक बाबासाहेबांचा पुतळा असलेल्या बिंदू चौकातून येते, दुसरी आळत्याच्या विपश्यना केंद्रातून, म्हणजे ध्यान शिकवणाऱ्या केंद्रातून. पहिल्या वाटेने आलेल्यांना बाबासाहेबांनी दीक्षेवेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाठ असतात, दुसऱ्या वाटेने आलेल्यांना तासभर न हलता बसता येते. या दोन वाटांवरची माणसे एकमेकांशी फारशी बोलत नाहीत, आणि हे आम्हाला मनापासून खटकते. बाबासाहेबांनी दिलेला स्वाभिमान आणि बुद्धांनी शिकवलेली मनाची मशागत एकाच माणसाला एकाच वेळी लागते, असे आम्ही मानतो. म्हणून दोन्हीकडून येणारे प्रश्न इथे एकत्र ठेवले आहेत.

कोल्हापूरचा बुद्धांशी संबंध 1956 च्या धम्मदीक्षेनंतरचाच ना?

नाही, तो दोन हजार वर्षांचा आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये उत्खनन झाले आणि सातवाहन काळातली नांदती वस्ती उजेडात आली. हे गाव थेट रोमन जगाशी व्यापाराने जोडलेले होते. ब्रह्मपुरीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. शाळेच्या सहलीत ती सगळ्यांनी पाहिलेली असते.

याच नगरात बौद्ध स्तूप होता. एकोणिसाव्या शतकात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले, तेव्हा दगडी पेटी आणि तिच्या आत स्फटिकाचा करंडक मिळाला. पेटीवरच्या ब्राह्मी लेखाचा अर्थ असा: हे दान बम्हाचे, ते करवून घेतले धमगुताने. त्यावर कुठल्याही राजाचे नाव नाही. या मातीतल्या दोन माणसांनी ते पुण्यकर्म केले आणि आपली नावे मागे ठेवली, एवढेच आपल्याला कळते. आम्हाला तेवढे पुरते.

लेणी पाहायची असतील तर जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळे आहे. तिथे विहार, म्हणजे भिक्खूंची राहण्याची लेणी, आणि चैत्य, म्हणजे वंदनेचे लेणे, दोन्ही आहेत. मसाई पठाराच्या कड्यालाही लेणी आहेत, लोक त्यांना पांडवदरा म्हणतात. आपल्याकडे कोणी खोदले हे विसरले गेले, की ते काम पांडवांच्या नावावर जाते. थोडे पुढे कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. त्या काळी कराडला करहकट म्हणत. या करहकटच्या निगमाने, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाने, मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाला दान दिल्याचा लेख तिथल्या दगडावर आहे. कृष्णाकाठची माणसे किती लांबच्या धम्मकार्याला हातभार लावत होती, ते यावरून दिसते. लेण्यांत गेलात तर भिंतींना रंग फासू नका, नावे कोरू नका, अगरबत्तीचा धूर करू नका.

शाहू महाराज बौद्ध नव्हते. मग त्यांचे नाव प्रत्येक धम्म कार्यक्रमात का घेतले जाते?

ज्या जमिनीवर 1956 उभे राहिले, ती नांगरायला महाराजांनी सुरुवात केली होती म्हणून. 26 जुलै 1902 रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. महार वतन बंद केले. गंगाराम कांबळ्यांनी हॉटेल काढले तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत, आणि सोबतच्या सरदारांनाही तो घ्यावा लागे. 21 आणि 22 मार्च 1920 ला माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. अध्यक्ष होते तेव्हा ऐन तिशीही न गाठलेले डॉ. आंबेडकर. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे महाराजांनी त्या परिषदेत लोकांना सांगितले. दोन वर्षांनी, 6 मे 1922 ला, महाराज गेले. बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ची, दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची. महाराज धर्मांतराच्या वाटेने गेले नाहीत, हे खरे. पण माणसाला माणूस म्हणून वागवा, या मागणीला राजाचे बळ इथे मिळाले.

बिंदू चौकातले महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे 9 डिसेंबर 1950 ला भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. म्हणून त्या पुतळ्यासमोर उभे राहताना आमच्या मनात वेगळीच भावना येते.

बावीस प्रतिज्ञा आणि पंचशील यांत मुख्य काय?

दोन्हींचे काम वेगळे आहे. पंचशील जगभरच्या बौद्धांचे आहे: जीव घेणार नाही, न दिलेले घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटे बोलणार नाही, नशा करणार नाही. नागपूरला कुशीनगरच्या महास्थविर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे) आणि पंचशील घेतले. नंतर जमलेल्या लाखो लोकांना त्यांनी स्वतः धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. हजारो वर्षे ज्या श्रद्धांनी माणसाला खाली दाबले, त्यांच्याशी नाते तोडणे हा त्यातल्या पहिल्या काही प्रतिज्ञांचा भाग. उरलेल्या प्रतिज्ञा नीट वाचल्या तर त्यांत बुद्धांचा अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता म्हणजे सद्गुण, सर्व प्राणिमात्रांवर दया आणि पंचशीलच आहे.

जयंतीला पहिल्या प्रतिज्ञा मोठ्या आवाजात म्हणायच्या आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा मिरवणुकीत विसरायची, हे पाहून आम्हाला दुःख होते. डॉल्बीच्या भिंतीसमोर नाचणारी मुले आपलीच आहेत. त्यांच्या हातात त्या दिवशी काय असावे, याचा विचार मंडळातल्या मोठ्यांनी करायला हवा. वाचनालयाला पुस्तके, रक्तदान, मुलांची वक्तृत्व स्पर्धा हे सगळे कोल्हापुरात अनेक वस्त्या करतात. तेच वाढवू या.

कोल्हापूरचा माणूस मटण सोडेल का? आणि सोडलेच पाहिजे का?

हा प्रश्न हसत विचारला जातो, पण उत्तर गंभीरपणे द्यायला हवे. त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ पालि ग्रंथांत, बुद्धांनी भिक्खूंना मांस सरसकट वर्ज्य केलेले नाही. आपल्यासाठी प्राणी मारला हे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस भिक्खूने घ्यायचे नाही. भिक्खूंनी मासे-मटण कायमचे सोडावे, हा नियम संघातल्याच देवदत्त नावाच्या भिक्खूने मागितला होता आणि बुद्धांनी तो सक्तीचा करायला नकार दिला. पुढे चीनमधल्या महायान परंपरेने शाकाहार धरला. श्रीलंका, म्यानमार, तिबेटमध्ये बरेच बौद्ध मांस खातात.

तेव्हा तांबडा-पांढरा रस्सा जेवणारा माणूस बौद्ध नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते शास्त्राला धरून नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. आपल्या घरच्या कार्यक्रमासाठी, आपल्या सांगण्यावरून बकरे कापले जाते, तेव्हा पहिल्या शिलाला आपणच हात घालतो. म्हणून आमच्याकडे नामकरण, लग्न, पुण्यानुमोदन (मृताच्या स्मरणाचा विधी), पौर्णिमा या दिवशी साधे शाकाहारी जेवण असते. बाकी दिवसांचे ज्याचे त्याने ठरवावे. ताटावरून कोणाची जात किंवा लायकी ठरवायची, हा रोग आपण भोगला आहे. तो आपल्या घरात येऊ देऊ नका.

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत नोकरीला आहे. ही सम्यक आजीविका, म्हणजे योग्य उपजीविका, आहे का?

असा प्रश्न पडणे हेच चांगले लक्षण. उपासकाने कोणते पाच व्यापार टाळावेत ते अंगुत्तर निकायात सांगितले आहे: शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार. मळीपासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला जात असेल, तर ते मद्य नाही. पिण्याची दारू बनत असेल तर प्रश्न उरतो. तरी उद्या राजीनामा द्या, असे आम्ही म्हणणार नाही. घर चालवणे हेही उपासकाचे कर्तव्य आहे. त्याच कारखान्यात दुसऱ्या खात्यात बदली मिळते का, ते बघा. मिळेपर्यंत मन जागे ठेवा.

ऊस आणि भाजीवर औषध फवारणारे शेतकरीही हेच विचारतात. बुद्धांनी कर्माची जागा चेतनेत, म्हणजे हेतूत दाखवली. पीक वाचवणे आणि मारण्यात आनंद घेणे यांत फरक आहे. कमी विषारी उपाय असेल तर तो निवडावा.

आमच्या गावात निम्मी वस्ती जैन आहे. बौद्ध आणि जैन यांत नेमका फरक काय?

शिरोळ-हातकणंगले भागातून हा प्रश्न नेहमी येतो, कारण बाहुबलीचा डोंगर बहुतेकांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. महावीर आणि बुद्ध एकाच काळात, जवळजवळ एकाच प्रदेशात फिरले. पालि ग्रंथांत महावीरांना निगंठ नाटपुत्त म्हटले आहे. अहिंसा दोघांची. जैन दर्शन जीव म्हणजे नित्य आत्मा मानते आणि कठोर तपाने कर्म झडते असे सांगते. बुद्ध नित्य आत्मा मानत नाहीत, आणि देहदंड व चैन या दोन टोकांमधला मध्यम मार्ग सांगतात.

मज्झिम निकायात उपालि नावाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. तो निगंठांचा, म्हणजे महावीरांच्या अनुयायी साधूंचा, मोठा दाता होता. वाद घालायला बुद्धांकडे आला आणि त्यांचा उपासक झाला. आता निगंठांना दार बंद, असे त्याच्या मनात आले असेल. बुद्धांनी त्याला सांगितले, तुझे घर फार काळ त्यांच्यासाठी पाणवठ्यासारखे आहे, ते आले तर त्यांना भिक्षा देत जा. शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या माणसाशी कसे वागायचे, याचे उत्तर आम्ही या गोष्टीतून घेतो.

मग गल्लीतल्या गणपतीची वर्गणी द्यायची का?

पूजा करू नका. गौरी-गणपती देव मानणार नाही, ही आपली प्रतिज्ञा आहे आणि ती स्पष्ट आहे. आरतीला उभे राहण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे, आवाज न चढवता नाही म्हणा. पण तेच मंडळ पुराच्या वेळी बोट घेऊन धावते, रक्तदान शिबिर भरवते, तेव्हा त्या कामाला पैसे आणि हात दोन्ही द्या. वर्गणी मागायला आले की सरळ सांगता येते: ही रक्कम आरोग्य शिबिराला घ्या. गल्लीतल्या पोरांना हे कळते.

दसऱ्याला नेमके काय करायचे?

14 ऑक्टोबर 1956 ला विजयादशमी होती. बाबासाहेबांनी तो दिवस अशोक विजयादशमी म्हणून निवडला. कलिंगच्या रक्तपातानंतर सम्राट अशोकाने शस्त्राचा विजय सोडून धम्माचा विजय स्वीकारला, ही त्यामागची आठवण. काही जण तिथीने, काही जण तारखेने धम्मचक्र प्रवर्तन दिन पाळतात. दोन्ही चालते.

कोल्हापुरात त्याच संध्याकाळी दसरा चौकात शाही सोहळा असतो आणि सगळे शहर सोने लुटायला बाहेर पडते. सकाळी विहारात पांढऱ्या कपड्यांत वंदना, प्रतिज्ञांचे सामूहिक वाचन, घरावर पंचशील ध्वज. संध्याकाळी शेजारी आपट्याचे पान हातात ठेवेल. ते घ्या, त्याच्या मोठ्यांना वाकून नमस्कार करा, आणि आपल्या घरची खीर त्याला द्या.

पंचशील ध्वजाचे रंग आणि क्रम?

निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि शेवटच्या पट्टीत हे पाचही रंग एकत्र. हा ध्वज 1885 मध्ये श्रीलंकेत तयार झाला. लावताना निळा रंग काठीच्या बाजूला येतो.

आळत्याला दहा दिवसांचे शिबिर करायचे आहे. काय माहीत असावे?

हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ रामलिंगच्या परिसरात धम्मालय हे केंद्र आहे. सत्यनारायण गोएंका यांनी ही साधना म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून 1969 मध्ये भारतात आणली. इगतपुरीचे धम्मगिरी हे तिचे मोठे केंद्र. सर्व केंद्रांचा नियम एकच: शिकवणे, राहणे, जेवण, कशाचीही फी नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर पुढच्यांचे शिबिर चालते.

पहाटे चारला घंटा होते, रात्री नऊच्या सुमारास दिवस संपतो. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासाकडे पाहणे, म्हणजे आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, शरीरातल्या संवेदना समतेने पाहण्याची. शिबिरभर मौन पाळायचे असते. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांच्या भल्याची भावना, देतात आणि मौन सुटते. मोबाईल, वाचन, लेखन बंद. गुडघे दुखतात, कंटाळा येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बॅग भरावीशी वाटते. बहुतेकांना असेच होते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मानसिक आजारासाठी गोळ्या चालू असतील तर अर्जात लपवू नका आणि आधी डॉक्टरांशी बोला. शिबिर हे औषधोपचाराला पर्याय नाही. घरच्या माणसाला जबरदस्तीने पाठवण्याचा विचारही करू नका.

बाबासाहेबांचा धम्म आणि विपश्यनेचा धम्म वेगळा आहे, असे म्हणतात. खरे काय?

वाद खरा आहे आणि तो झाकायचे कारण नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी चार प्रश्न उभे केले: सिद्धार्थांनी घर का सोडले, चार आर्यसत्ये बुद्धांची मूळ शिकवण आहे का, कर्म आणि पुनर्जन्म यांचा अर्थ काय, आणि भिक्खू संघ कशासाठी. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून गृहत्याग झाला, ही कथा त्यांनी मान्य केली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या भांडणात युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थांना बाहेर पडावे लागले, अशी मांडणी त्यांनी केली. मागच्या जन्मीच्या पापामुळे आज दारिद्र्य आले, हा अर्थ त्यांनी मुळापासून नाकारला. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना नेमके हेच ऐकवले गेले, त्यांच्यासाठी हा नकार म्हणजे सुटकेचा श्वास होता.

विपश्यनेची परंपरा थेरवादाची, म्हणजे श्रीलंका-म्यानमारकडच्या जुन्या बौद्ध पंथाची आहे, ती पुनर्जन्म मानते. इथे मतभेद आहे आणि राहील. पण राग आला की तो अंगात कुठे चढतो, ते पाहायला पुनर्जन्म मानावा लागत नाही. अन्यायाविरुद्ध उभे राहताना द्वेषाने मन जळू नये, यासाठी ही साधना उपयोगी पडते. आणि रोज ध्यान करून गल्लीतला जातिभेद ज्याला दिसत नाही, त्याचे ध्यान अपुरे आहे असे आम्ही ठामपणे म्हणतो. चळवळीतल्या माणसाने थोडे बसावे, बसणाऱ्याने थोडे रस्त्यावर यावे.

मोबाईलवरचे माइंडफुलनेस ॲप पुरेसे नाही का?

झोप लागण्यासाठी, कामाचा ताण उतरण्यासाठी उपयोग होतो. 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी असा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून हे जगभर पसरले. मात्र सम्यक स्मृती, म्हणजे हे सजग राहणे, अष्टांगिक मार्गाच्या आठ अंगांपैकी एक अंग. वाणी, कर्म आणि आजीविका ही अंगे ॲप विचारत नाही.

आमच्या शोकेसमध्ये लाफिंग बुद्धा आहे. चालेल का?

तो बुद्ध नाही. चीनमधल्या बुदाई नावाच्या भिक्खूची ती मूर्ती, दहाव्या शतकातली आख्यायिका. तिने पैसा येत नाही. वंदनेसाठी गौतम बुद्धांची मूर्ती किंवा तसबीर ठेवा. दिशा कोणतीही चालते, वास्तुशास्त्र आड आणू नका.

लग्न बौद्ध पद्धतीने करायचे आहे. कायद्याने अडचण येते का?

येत नाही. हिंदू विवाह कायदा 1955 बौद्धांनाही लागू आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे आणि आमचा तिला पाठिंबा आहे. तोवर लग्नाची नोंदणी न चुकता करा. विधी साधा आहे: बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील, वधू-वरांच्या परस्परांना प्रतिज्ञा, जयमंगल अट्ठगाथा या आठ मंगल गाथा, पुष्पहार. बौद्धाचार्य हे सगळे नीट करून देतात. मुहूर्त, हुंडा, मानपान नाही. कर्ज काढून मोठा हॉल घ्यायचा नाही, हे मात्र आपल्याला अजून शिकायचे आहे.

दाखल्यावर धर्म बौद्ध लिहिला तर आरक्षण जाईल का?

जाणार नाही. 1990 मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, त्यामुळे केंद्राच्या सवलतीही मिळतात. भीतीपोटी अनेक घरे अजून धर्माच्या रकान्यात हिंदू लिहितात. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध होते, त्यातले 65 लाखांहून अधिक महाराष्ट्रात. पुढच्या जनगणनेत धर्म बौद्ध सांगा आणि जातीच्या प्रश्नाला आपली अनुसूचित जात सांगा. घरातली म्हातारी माणसे दिवसा एकटी असतात, त्यांनाही हे आधी समजावून ठेवा.

घरात कोणी वारले तर?

श्राद्ध, पिंडदान नाही. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील, मग काही दिवसांनी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. मृताच्या नावाने वह्या-पुस्तके वाटणे, वसतिगृहाला धान्य देणे, ही चांगली प्रथा रुजते आहे.

पूर आला की धम्म काय सांगतो?

2019 आणि 2021 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेले. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका पाण्यात गेला. तेव्हा ज्यांनी भाकरी थापल्या, जनावरे हलवली, गाळ उपसला, ते करुणेचे काम होते. त्यांच्यातल्या अनेकांनी पालि गाथा कधी ऐकलीही नसेल. दान करताना फोटो टाळा आणि मदत वस्त्यांच्या टोकापर्यंत, भूमिहीनांच्या घरांपर्यंत पोचते का ते बघा. मोठ्या रस्त्याकडेच्या घरांना दहा किट आणि आतल्या वस्तीला एकही नाही, असे घडते.

वर्षावासात भन्तेंना भोजनदानाला बोलवायचे आहे. काय तयारी करू?

वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत असतो. याच काळात अनेक घरांत बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन चालते. भन्तेंना आठवडाभर आधी कळवा, कारण श्रावणात आमंत्रणे खूप असतात. बसायला स्वच्छ पांढऱ्या चादरीचे आसन आपल्यापेक्षा थोडे उंच ठेवा. आल्यावर पंचांग प्रणाम करा. स्त्रियांनी वस्तू हातात देण्याऐवजी समोर ठेवलेल्या कापडावर ठेवावी. काही भन्ते पैसे घेत नाहीत. चीवर (भिक्खूंचे वस्त्र), औषधे, छत्री, साबण विचारून द्या. दुपारी बारानंतर ते जेवत नाहीत, म्हणून स्वयंपाक साडेदहापर्यंत तयार ठेवा आणि पाहुण्यांची भाषणे जेवणानंतर घ्या.